आखूड दस्ता

"डोळा कुठला लावता?" इस्माईलभाईंनी विचारलं.

आबा जरा थांबले. "उजवा."

"आणि डावा? मिटता का उघडा ठेवता?"

"मिटतो."

"बरं," म्हणत इस्माईलभाईंनी परवान्यावरचा नंबर रायफलीवरच्या नंबराशी ताडून पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि काउंटरवर अंथरलेल्या हिरव्या कापडावर ती आडवी ठेवली. कोल्हापुरात एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. लांबट, अंधारी खोली. तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. भिंतीवर साखळीत ओवलेल्या बंदुका उभ्या होत्या. भाई स्वतः गोल, ठेंगणे, बोलके. हातातलं काम एकीकडं आणि तोंड एकीकडं, असे.

मी दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. मांडीवर रायफलीची रिकामी गवसणी. येताना एसटीत कंडक्टरनं गवसणीकडं बघून विचारलं होतं, "तंबोरा काय, आण्णा? भजनाला?" आणि आबा "व्हय" म्हणाले होते. आई गेल्यापासून ते लोकांना कशालाही 'व्हय' म्हणत. जेवलात का, व्हय. झोप लागते का, व्हय.

आई जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. आमची वाडी चंदगडकडची, जंगलाला खेटून. भात थोडं, रताळी जास्त. रताळी जमिनीत भरायला लागली की रानडुकरं येतात, आणि एका रात्रीत सगळं वावर नांगर फिरवल्यासारखं उलथून जातं. वाडीत परवान्याची बंदूक एकच, आमची. 'देसायाचा नेम' हा चार गावांत म्हणीसारखा झाला होता. देसायांच्या वावरातल्या राखणीच्या माळ्यावरून एकच बार ऐकू यायचा, दुसरा कधी यायचा नाही. सकाळी लोक डुक्कर बघायला जमायचे आणि आबा धोतराचा सोगा हातात धरून एका बाजूला उभे असायचे. आई सगळ्यांना चहा द्यायची. रात्रभर आबांना सोबत म्हणून तीही माळ्यावर बसलेली असायची.

आई गेल्यावर तो एक बारही थांबला. आबा लोकांना सांगत, डोळे गेले, माशी दिसत नाही. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा, ज्यावरून नेम धरतात. लोकांनी एक मोसम सोसला. यंदा वनखात्यानं पुन्हा परवानगी दिली होती, रताळी भरली होती, आणि रोज संध्याकाळी कुणी ना कुणी अंगणात येऊन बसत होतं. कुणी काही मागत नव्हतं. नुसतं येऊन बसायचं.

मी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. एकटीच राहत होते. दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना न्यायला गेले. घरात गेल्या गेल्या कळलं की ते एकाच ताटलीत जेवतात, तीच धुतात आणि तीच पुन्हा चुलीपाशी उपडी घालतात. बाकीची भांडी आईनं लावून ठेवली होती तशीच फळीवर होती. मी म्हटलं, आबा, चला. त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कोल्हापुरात बंदुकांचा शिकलगार नळीवर दुर्बीण बसवून देतोय म्हणं. बसवून बघू. जुळली तर मी हितंच राहतो. न्हाई जुळली तर तुझ्यासंगं येतो."

"शब्द?"

"शब्द."

म्हणून आम्ही त्या दुकानात होतो. आणि भाई रायफल उलटीपालटी करून बघत होते तेव्हा मी मनातल्या मनात म्हणत होते, न जुळो.

"चीज चांगली आहे," भाई म्हणाले. "नळी आखूड. झाडीत अडकत नाही. कुणी घेतली?"

"वडलांनी. बेळगावच्या एका रिटायर साहेबाकडनं."

"साहेबाची उंची काय होती, साडेचार फूट? हा दस्ता बघा की. इथनं कापलाय."

"तो मी कापून घेतला. जड पडायची."

"मागचं लाकूड कापून कितीसं वजन कमी होतंय, आण्णासाहेब?" भाई हसले. "मिशी काढून पैलवान हलका होतोय होय?"

आबा हसले नाहीत. भाईंनी कपाटातून तीन डबे काढले आणि तीन दुर्बिणी एकापुढं एक मांडल्या. पहिली मोठी, पुढची काच वाटीएवढी. तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत हवं तसं फिरवायचं. मधली सरळ नळीसारखी, चार पटीची, काही फिरवायचं नाही. तिसरी वितीपेक्षाही लहान, जेमतेम दीड पटीची.

आबांचा हात मोठीवर गेला.

"बघा, बघा. बाहेर बघा."

आबांनी नुसतीच दुर्बीण डोळ्याला लावली आणि बोळातून समोरच्या रस्त्याकडं वळवली. त्यांचं तोंड हळूहळू उघडलं. "शाले," ते म्हणाले, "त्या समोरच्या माडीवर एक बाई गहू निवडतीया. खडा काढून टाकलेला दिसतोय बघ. खडा!"

मी उठून बघितलं. खरंच दिसत होता. बाईच्या नाकातली चमकीसुद्धा दिसत होती. आईच्या आजारपणानंतर आबांच्या आवाजात तसली हौस मी पहिल्यांदाच ऐकली आणि मी घाबरले. हीच घेणार, असं वाटलं.

"हीच," आबा म्हणाले.

"ही नको," भाई म्हणाले. "आण्णासाहेब, तुमचं डुक्कर किती लांबनं येतंय?"

"चाळीस पावलं. पन्नास."

"मग नऊ पटीत तुम्हाला डुक्कर दिसायचंच नाही. नुसते केस दिसतील. कुठल्या अंगाचे ते तुम्ही ओळखायचं. आणि ही एवढी जड वस्तू या एवढ्याशा बंदुकीवर? मांजराच्या डोक्यावर हंडा! ही लहान घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं, आजूबाजूचं सगळं दिसतंय, जनावर हललं तरी सापडतंय."

"लहान नको. जनावर जवळ दिसाय पाहिजे. अगदी जवळ."

"कशाला? मुका घ्यायचाय?"

आबांनी दुर्बीण खाली ठेवली. भाईंना आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. त्यांनी आतल्या पोराला हाक न मारता स्वतःच उठून चहा सांगितला. चहा पिता पिता दोघांनी मधलीवर तडजोड केली. चार पटीची.

मग खरी अडचण सुरू झाली. भाईंनी दुर्बीण कड्यांत धरून रायफलीवर तात्पुरती बसवली आणि आबांना खांद्याला लावायला सांगितली. आबा उंच, मानेनं लांब. दस्ता आखूड. रायफल खांद्याला लागली की त्यांचा डोळा थेट काचेवरच यायचा.

"मागं घ्या मान. अजून. अजून मागं. असं कसं मारणार? बगळ्यासारखं?" भाईंनी आबांच्या भुवई आणि काच यांच्यामध्ये आपली चार बोटं आडवी धरायचा प्रयत्न केला. दोनच मावली. "चार पाहिजेत. बार झाला की बंदूक मागं येते, आण्णासाहेब. दोन बोटांत भुवई फुटणार. दुर्बीण पुढं सरकवावी तर या आखूड बंदुकीवर जागा नाही. एकच उपाय. दस्त्याला मागं लाकडाचा तुकडा जोडतो. असा बेमालूम बसवतो की रेघ दिसणार नाही. तासाभराचं काम."

"न्हाई," आबा म्हणाले.

"रबराचा बसवू मग. धक्काबी कमी."

"दस्त्याला हात लावायचा न्हाई."

भाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मला काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की जुळत नाही, आणि बरं वाटलं.

"तुमचीच बंदूक, तुमचीच भुवई," भाई म्हणाले. त्यांनी रायफल पुन्हा उचलली आणि दस्ता उजेडाकडं धरून त्याच्यावरून अंगठा फिरवला. "एक विचारू? तुम्ही उजव्या खांद्याला लावता. म्हणजे गाल या बाजूला टेकणार, डाव्या. पॉलिश इथलं जायला पाहिजे. इथलं तर नव्यासारखं आहे. उडालंय ते त्या बाजूचं." त्यांनी दस्ता वळवून दाखवला. उजव्या अंगाला तळहाताएवढी जागा गुळगुळीत, फिकट झाली होती. "ही डावऱ्या माणसाची बंदूक आहे."

"जुनी हाय," आबा म्हणाले. "साहेब डावरा असंल."

"आणि दस्ता कापला तो तुम्ही. कापल्यावरच्या लाकडावर हे..." भाईंनी वाक्य अर्धंच सोडलं आणि कड्यांचे स्क्रू आवळायला घेतले. "चला. मारून बघू. बघितल्याशिवाय विकत नाही मी."

गावाबाहेर एका बंद पडलेल्या दगडखाणीत चांदमारीची जागा होती. भाईंच्या खटारा जीपमधून आम्ही दुपारी तिथं गेलो. तिन्ही बाजूंनी कातळ, मधे वाळलेलं गवत, आणि टोकाला मातीच्या ढिगाऱ्यापुढं एक पाट उभा केलेला. भाईंनी त्यावर कागद चिकटवला, मधे शाईचा काळा ठिपका, बशीएवढा. आबांना वाळूच्या पोत्यावर हात टेकून बसवलं.

"सावकाश. घाई नाही. डुक्कर कागदाचं आहे, पळत नाही."

पहिला बार झाला. कातळांत आवाज फिरून आला. पाटाच्या डावीकडं मातीत धूळ उडाली. दुसरा त्याहून खाली, पाटाच्या अलीकडंच. तिसऱ्याला रायफल मागं आली आणि दुर्बिणीची कड आबांच्या भुवईवर बसली. उजव्या डोळ्यावर चंद्रकोरीसारखी एक लाल रेघ उमटली आणि तिच्यातून रक्त ओघळायला लागलं.

मी धावले. आबांनी हात वर करून मला थांबवलं. रुमाल भुवईवर धरला आणि म्हणाले, "अजून एक."

"पुरे, आण्णासाहेब," भाई म्हणाले.

"अजून एक."

भाईंनी रायफल त्यांच्या हातातून घेतली, आमच्याकडं पाठ करून भरली आणि परत दिली. मी आता आबांच्या अगदी शेजारी गुडघे टेकून बसले होते. मला कागद दिसत नव्हता. त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी दस्ता खांद्याला लावला. काचेत बघितलं. श्वास घेतला. चाप ओढला.

टक्. नुसता टक्. भाईंनी रिकामं काडतूस घातलं होतं.

पण आबांचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी लहान मूल मिटतं तसे. खांदा वर आला होता, दात आवळले होते, आणि नळी पार खाली, गवतात गेली होती. बार झालाच नाही हे त्यांना कळलं असणार, तरी ते तसेच बसून राहिले. डोळे न उघडता.

"मी जरा पाणी बघतो जीपमध्ये," भाई म्हणाले. पाण्याची बाटली त्यांच्या पायाशीच होती.

ते लांब गेल्यावर मी रायफल आबांच्या हातातून काढून पोत्यावर ठेवली.

"आबा, तुम्ही डोळे मिटता."

"व्हय."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं."

"मग डुकरं?"

त्यांनी भुवईवरचा रुमाल काढला, त्यावरचं रक्त बघितलं, रुमालाची घडी उलटी करून पुन्हा लावला. मग दुसऱ्या हातानं दस्त्याची ती फिकी झालेली बाजू दाबून धरली.

"तुझी आई डावरी," ते म्हणाले.

मला ते माहीत होतं. डाव्या हातानं भाकरी थापते म्हणून तिला आत्यांनी जन्मभर टोचलं होतं. प्रसाद वाढायला तिला कुणी पुढं होऊ देत नसे. ते माहीत असून मी सकाळपासून त्या दुकानात स्टुलावर बसून होते.

"लगीन झालं त्या साली," आबा सांगायला लागले. ते कातळाकडं बघून बोलत होते. "माळ्यावर मी एकटाच जायचो. डुकरं यायची, मी बार टाकायचो, डुकरं जायची. सकाळी लोक हसायचे. वडील बोलायचे न्हाईत, पर जेवताना माझ्याकडं बघायचे न्हाईत. एकदा ही म्हणाली, मी येते. आली. दोन बार माझे फुकट गेले. तिनं बंदूक मागितली. मी म्हणालो, खेळ वाटतोय का? ती म्हणाली, बघू तरी. दिली. म्हणाली, आता तेवढी बॅटरी धरा नीट, हलवू नका." त्यांनी एक बोट वर केलं. "एकच बार. डुक्कर जागच्या जागी."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सकाळी लोक जमले. म्हणाले, वा आण्णा. मी तोंड उघडलंच हुतं. तुझ्या आईनं मधेच चहाचा कप माझ्या हातात दिला आन् माझ्याकडं अशी बघितली की मी गप. परवाना माझ्या नावावर. बाईनं बार टाकला कळलं असतं तर बंदूक गेली असती, पीक गेलं असतं. पयल्यांदा एवढंच हुतं. मग पुढं..." त्यांनी हात हलवला. "पुढं वडील जेवताना माझ्याकडं बघाय लागले."

लहानपणी मी माडीवर झोपत असे. तो एक बार झाला की मी म्हणायचे, आबांनी मारलं, आणि कुशीवर वळायचे. पुढं शिकायला बाहेर पडले. पुण्यात मैत्रिणींना मी आबांच्या नेमाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आईच्या काय सांगितल्या होत्या ते मला त्या खाणीत बसून आठवेना.

"दस्ता तिच्या मापानं कापला," आबा म्हणाले.

"मग आज दुर्बिणीनं काय होणार होतं, आबा?"

त्यांनी पोत्यावर सांडलेली वाळू हातानं झटकली.

"वाटलं, जनावर इतकं जवळ दिसलं तर डोळे मिटायचं ध्यानात राहायचं न्हाई."

भाई परत आले ते हातात कापूस घेऊन. त्यांनी आबांची भुवई पुसली, पट्टी लावली आणि आबांकडं न बघता मला म्हणाले, "ताई, ही दुर्बीण या बंदुकीला जुळत नाही. बंदूक फारच आखूड आहे. दोष बंदुकीचा." त्यांनी कड्यांचे स्क्रू तिथंच सैल केले. आबा "व्हय" म्हणाले.

परतीच्या गाडीत आबांना खिडकीपाशी जागा मिळाली. गडहिंग्लज मागं पडल्यावर ते म्हणाले, "परवा सकाळची गाडी धरू. उद्या जरा आवराआवर." मी "हं" म्हटलं. मला हवं होतं ते झालं होतं. आता ते माझ्याबरोबर येणार, दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्यांत बसणार, मी कामावरून येईपर्यंत खाली रस्त्याकडं बघणार. मी त्यांच्या पट्टीकडं बघत होते आणि मला बरं वाटायची वाट बघत होते.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गवसणी बघून दहा मिनिटांत भैरू गावडे आला. आमच्या बांधाला बांध लागून त्याची रताळी. मागोमाग त्याची बायको पारू, डोक्यावर वेलांचा भारा तसाच. तिनं भारा अंगणाच्या कडेला टाकला आणि पदरानं तोंड पुसत उभी राहिली.

"बसली का दुर्बीण, आण्णा?" भैरूनं विचारलं. मग पट्टी दिसली. "आरं तिच्या! चावली काय?"

"बस, भैरू."

"बसाय येळ न्हाई. काल वरच्या अंगाचं पाच वाफं गेलं. पिल्लासकट आलती. आज माळ्यावर जाताय न्हवं?"

"न्हाई. मी परवा शालूसंगं पुण्याला चाललोय."

भैरूचा चेहरा पडला. आबा पायरीवर उभे होते, मी त्यांच्या मागं दारात.

"जायच्या आधी एक सांगायचं हाय," आबा म्हणाले. "मला बंदूक येत न्हाई. कधीच येत नव्हती. सगळी डुकरं हौसानं मारलीत, शालूच्या आईनं. मी नुसती बॅटरी धरायचो."

भैरू आधी माझ्याकडं बघायला लागला, मग आबांकडं. मग हसला. वाईट हसला नाही. आजारी माणसापुढं हसतात तसं हसला.

"आण्णा, वैनीची आठवण येणारच की. पर आसं काय बोलताय?"

"खरं सांगतोय."

"वैनी च्याची किटली घेऊन माळ्यावर जायच्या. मी बघितलंया ह्या डोळ्यांनी."

"किटली मी न्यायचो. बंदूक ती."

"बरं, बरं. तसं म्हणा." भैरू माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाला, "ताई, पुण्याला कुणाला तरी दाखवा. एकट्यानं राहून डोस्क्यावर परिणाम हुतोय माणसाच्या."

आबांनी ते ऐकलं. त्यांनी एका हातानं दाराची चौकट धरली. जन्मभर जे सांगायचं राहिलं होतं ते त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि ते कुणी घेतलंच नव्हतं. आता ते आईला परत कसं द्यायचं, हे त्यांना कळत नसावं. मलाही कळत नव्हतं. मी भैरूला म्हणाले, "भैरूदादा, आबा खरं बोलतायत." तो मान हलवत राहिला. बाप आणि लेक, दोघंही बिघडलेत, अशी.

"काय मान हालवताय बैलावानी?" पारू म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळलो.

"हौसाक्काच मारायची," पारू म्हणाली. "आमास्नी ठाव हाय."

"कुणास्नी?" भैरू.

"बायकास्नी. वाडीतल्या समद्या." ती पुढं आली आणि आपल्या डाव्या खांद्यावर, पदराखाली, तळहात ठेवला. "हितं. बार झाला की दुसऱ्या दिवशी हितं काळं-निळं पडल्यालं आसायचं. वड्यावर धुणं धुताना, आंघुळीला बसल्यावर दिसायचंच की. झाकणार किती?" ती आबांकडं बघून जरा अडखळली. "पयल्यांदा आमास्नी वाटलं, आण्णा, तुमी मारताय."

आबांचा हात चौकटीवरून खाली आला.

"हेंच्या आईनं तर तुमाला शिव्या घातल्या वड्यावर. म्हणली, दिसतोय सादा आन् हात बघ कसा टाकतोय. तवा आक्का उठली. म्हणली, माझ्या मालकाला नाव ठिवायचं न्हाई. आन् सांगितलं. समद्यांकडनं शपथ घेतली वड्याच्या पाण्यात हात घालून. म्हणली, बायकांत ऱ्हाऊ दे, बाप्यांत जाता कामा नये."

"आन् तू मला बोलली न्हाईस?" भैरू म्हणाला. "येवढी वरसं?"

"तुमाला सांगून काय डुक्कर मरणार हुतं?"

भैरू बांधाकडं बघायला लागला. आबा पायरीवर खाली बसले.

"पारू," ते म्हणाले, "लागायचं तिला?"

"लागणार न्हाई तर? येवढं लोखंड मागं येतंय. हळद आन् त्याल कोमट करून चोळायचो. मी चोळलंया. सासूनं चोळलंया."

"मला म्हणायची, काय बी होत न्हाई. दस्ता कापल्यापासनं अगदी फुलासारखी झाली म्हणायची."

"तुमाला काय सांगणार ती?"

आबांनी आपला उजवा तळहात डाव्या खांद्यावर ठेवला, पारूनं ठेवला होता तिथं, आणि तसाच राहू दिला. भैरू काहीतरी पुटपुटत, रात्री डबे वाजवून डुकरं हाकायला पोरं गोळा करतो म्हणत निघून गेला. पारूही भारा उचलायला वाकली.

"बस की जरा," आबा म्हणाले.

ती थांबली.

"आणखी काय काय ठाव हाय तुमास्नी?"

पारूनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग कमरेचा कोयता बाजूला ठेवून पायरीपासून थोडं अंतर राखून खाली बसली. "आता काय काय म्हणून सांगू?" असं म्हणून तिनं पहिल्यांदा आईच्या पोहण्याचं काहीतरी सांगायला घेतलं. आई पोहायची, हे मला माहीत नव्हतं. आबांना होतं की नाही कोण जाणे. मी थोडा वेळ दारात उभी होते. त्यांच्यापैकी कुणी मला बस म्हणालं नाही, आणि बोलणं अशा ठिकाणी होतं की मध्येच जाऊन बसता आलं नसतं. मी आत जाऊन चूल पेटवली. पीठ मळताना बाहेरून पारूचं हसू ऐकू आलं. मग दुसरं एक, खरखरीत, न वापरलेल्या दारासारखं. ते आबांचं होतं हे ओळखायला मला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पारूबरोबर आणखी दोघी आल्या. आबांनी फळीवरचे कप काढून स्वतः चहा केला. आवराआवरीचं नाव कुणी काढलं नाही. दुर्बीण जुळली नव्हती, आणि शब्द तसा होता. मी त्यांना त्याची आठवण करून दिली नाही.

रायफल त्यांनी पुढच्या आठवड्यात पोलीस ठाण्यात जमा केली, असं मागाहून कळलं. रताळी त्या साली डुकरांनी खायची तेवढी खाल्ली. आबा नंतर कितीतरी वर्षं तिथंच राहिले आणि तिथंच गेले.

ठरल्या सकाळी गाडीत मी एकटी चढले. वाडी सोडल्यावर ओढ्यावरचा पूल येतो. खाली बायका धुणं धूत होत्या. गाडीचा आवाज ऐकून त्यांच्यातल्या एकीनं मान वर केली आणि ओला हात उंच करून हलवला. मीही हलवला. कोण होती, ते मला ओळखू आलं नाही.